तलावाभोवतीच्या जमिनीच्या चढउतारांवरून भूजल कुठे पाझरतं हे आधी सांगता येतं का?

हो, सांगता येतं. पण उंचीच्या आकड्यांना खडकाची जोड दिली तरच. तुम्ही तलावाचं नाव दिलेलं नाही, म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या, उल्का आदळून बनलेल्या विवरातल्या लोणार तलावावरून सांगतो.

नेहमीची रीत अशी: उपग्रहावरून मिळालेली, जमिनीच्या ३० मीटरच्या चौकोनागणिक एक आकडा देणारी उंचीची माहिती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची आणि प्रत्येक चौकोनाकडे वरून किती क्षेत्राचं पाणी येतं, तिथे उतार किती, यावरून ओलाव्याचा निर्देशांक काढायचा. बेव्हन आणि कर्कबी यांनी १९७९ मध्ये मांडलेलं हे सूत्र आहे. घळी जिथे काठाला मिळतात तिथे आकडा मोठा येतो. पातळ माती आणि खाली घट्ट खडक असेल, तर हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो.

लोणारला पहिली अडचण सॉफ्टवेअरमध्येच येते. खळगे बुजवण्याची (उंचीच्या माहितीतले चुकीचे खड्डे भरून काढण्याची) पायरी डोळे झाकून चालवली, तर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं अख्खं विवर 'चूक' समजून काठापर्यंत भरलं जातं! तलावातून बाहेर जाणारा ओढा नाही, म्हणून तलाव हाच शेवटचा टप्पा असं आधी ठरवून द्या. शिवाय उतारावर झाडी आहे. उपग्रहाने मोजलेली उंची पुष्कळदा शेंड्यांची असते.

खरी गोष्ट मात्र बेसॉल्टच्या थरांत आहे. पाणी भेगाळलेल्या, झिजलेल्या थरातून आडवं सरकतं, खाली काळा पाषाण किंवा तांबड्या मातीचा घट्ट थर लागला की अडतं आणि तो थर उतारावर जिथे उघडा पडतो तिथून बाहेर येतं. म्हणून मी निर्देशांकाआधी विवराच्या काठाजवळच्या 'धार' नावाच्या बारमाही झऱ्याची उंची बघेन, त्या उंचीची रेषा विवराच्या आतल्या उतारावर फिरवेन आणि ती घळींना जिथे छेदते त्या जागा आधी तपासेन. उल्केच्या आघातामुळे काठाजवळचे थर कललेले आहेत, तेव्हा ही रेषा थोडी वरखाली धरावी लागते.

पडताळणी उन्हाळ्यात करा, पावसाचं पाणी वाहून गेल्यावर. तलाव खारट आणि अल्कधर्मी आहे, झऱ्याचं पाणी गोडं. त्यामुळे विद्युतवाहकता मोजणारं साधं यंत्र काठाकाठाने बुडवत गेलात, तर पाझराच्या जागी आकडा घसरलेला दिसायला हवा. हे अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी आधी काढा.