वेब कंपोनंट पानावरून काढला तरी त्याचा इव्हेंट लिसनर का चालत राहतो?

तुम्ही कस्टम एलिमेंटच्या (म्हणजे स्वतः बनवलेल्या टॅगच्या, वेब कंपोनंटच्या) कनेक्टेडकॉलबॅकमध्ये, म्हणजे एलिमेंट पानावर आलं की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, विंडोच्या रिसाइझला लिसनर (घटना घडली की चालणारं फंक्शन, म्हणजेच हँडलर) लावताय, एलिमेंट पानावरून निघालं की चालणाऱ्या डिस्कनेक्टेडकॉलबॅकमध्ये तो काढताय, आणि तरीही एलिमेंट काढून परत पानावर टाकलं की हँडलर एका रिसाइझला दोनदा, मग तीनदा चालतो. दोन्ही ठिकाणी तुम्ही धिस.ऑनरिसाइझ.बाइंड(धिस) असं लिहिलंय. घोळ तिथेच आहे.

फंक्शनला धिस (इथे ते एलिमेंट) पक्कं बांधून देणारं बाइंड दर वेळी नवं फंक्शन बनवून देतं. रिमूव्हइव्हेंटलिसनरला मात्र लावताना दिलेलं तेच फंक्शन हवं असतं. तुम्ही त्याच्या हातात दुसरंच ठेवता, त्याला जुळणारा लिसनर सापडत नाही, आणि ते एररसुद्धा न देता गप्प परत येतं. म्हणून ही चूक महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. कॅप्चर (इव्हेंट आतल्या एलिमेंटपर्यंत पोचण्याआधीच पकडायचा) पर्यायाचंही तसंच: लावताना ट्रू असेल तर काढतानाही ट्रूच द्यायला हवं.

मी आता सगळीकडे अबॉर्टकंट्रोलर (एका सिग्नलने अनेक गोष्टी एकदम थांबवायची ब्राउझरची सोय) वापरतो आणि तुम्हालाही तोच सुचवेन. कनेक्टेडकॉलबॅकमध्ये नवा कंट्रोलर बनवा, प्रत्येक अ‍ॅडइव्हेंटलिसनरला पर्यायांमध्ये त्याचा सिग्नल द्या, आणि डिस्कनेक्टेडकॉलबॅकमध्ये फक्त अबॉर्ट करा. दहा लिसनर असले तरी एका ओळीत सुटतात, फंक्शनची नावं सांभाळावी लागत नाहीत. कंट्रोलर कन्स्ट्रक्टरमध्ये (एलिमेंट बनताना एकदाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मात्र बनवू नका. एकदा अबॉर्ट झालेला सिग्नल परत वापरता येत नाही. तो दिलात तर लिसनर लागतच नाही. आणि अपेंडचाइल्डने एलिमेंट नुसतं एका रकान्यातून दुसऱ्यात हलवलं तरी आधी डिस्कनेक्टेड आणि मग कनेक्टेड असे दोन्ही कॉलबॅक चालतात. ड्रॅग करून क्रम बदलायची सोय असलेल्या यादीत हे सतत घडतं.

विंडोचे लिसनर कन्स्ट्रक्टरमध्ये लावण्याचा मोहही टाळा. क्रिएटएलिमेंटने बनवलेलं पण पानावर कधी गेलंच नाही असं एलिमेंट डिस्कनेक्टेडकॉलबॅकपर्यंत पोचतच नाही, मग तो लिसनर काढणार कोण?

आता सगळंच काढत बसायची गरज आहे का? नाही. एलिमेंटच्या स्वतःच्या शॅडो डॉममधल्या (बाकी पानापासून वेगळ्या ठेवलेल्या आतल्या भागातल्या) बटणाला लावलेला क्लिक लिसनर एलिमेंटबरोबरच गार्बेज कलेक्शनमध्ये (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी होते त्यात) जातो. तो कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच लावा आणि विसरून जा. काळजी करायची ती एलिमेंटपेक्षा जास्त जगणाऱ्या गोष्टींची: विंडो, डॉक्युमेंट, स्टोअर (अ‍ॅपचा सामायिक डेटा ठेवायची जागा), वेबसॉकेट (सर्व्हरशी चालू राहणारं कनेक्शन). त्यांच्याकडे तुमचं फंक्शन राहिलं की फंक्शनमधल्या धिसमुळे अख्खं एलिमेंट आणि त्याच्याखालचं सगळं झाड मेमरीत अडकून पडतं.

रेडक्स या लायब्ररीच्या स्टोअरला सिग्नल कळत नाही. तिथे सबस्क्राइब (बदल कळवायला सांगणारं फंक्शन) नोंदणी रद्द करायचं जे फंक्शन परत देतं, तेच सिग्नलच्या अबॉर्ट इव्हेंटला जोडा, म्हणजे सुटका एकाच जागी राहते. सेटइंटरव्हल (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारं) आणि रिसाइझऑब्झर्व्हर (एलिमेंटचा आकार बदलला की कळवणारा) यांनाही सिग्नल चालत नाही. क्लिअरइंटरव्हल आणि डिस्कनेक्टचे कॉल त्याच इव्हेंटवर टाका.

खात्री करायची असेल तर क्रोमच्या कन्सोलमध्ये गेटइव्हेंटलिसनर्स(विंडो) असं टाका. रिसाइझच्या नावासमोर यादी दिसेल. एलिमेंट चार-पाच वेळा काढून-घालून परत तेच टाका. यादी लांबत असेल तर लिसनर सुटत नाहीये. पुढे मेमरी टॅबमध्ये हीप स्नॅपशॉट (त्या क्षणी मेमरीत काय काय आहे त्याची नोंद) घ्या आणि वरच्या फिल्टरमध्ये 'डिटॅच्ड' हा शब्द इंग्रजीत टाका. पानावर नसलेली पण मेमरीत उरलेली एलिमेंटं दिसतील. त्यातलं एखादं निवडलंत की खाली रिटेनर्समध्ये त्याला कोणी धरून ठेवलंय ते कळतं. माझ्या अनुभवात तिथे बहुतेक वेळा विंडोवरचा एखादा लिसनर किंवा स्टोअरचं सबस्क्रिप्शनच सापडतं.