ओल्ड कोर्सचा टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, मिळालेला नाही. तरीही सेंट अँड्र्यूजला गोल्फसाठी जावं का?

जा. तिकिटं रद्द करू नका.

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये वडिलांना घेऊन आठ दिवस स्कॉटलंडला जायचं ठरलंय, दोघांचाही हँडिकॅप विसाच्या पुढे आहे (म्हणजे खेळ बेताचाच), तिथल्या सर्वांत नावाजलेल्या ओल्ड कोर्सचं आगाऊ बुकिंग हुकलं, आणि तिथे खेळायलाच मिळणार नसेल तर एवढ्या लांब जाऊन काय करायचं. मी दादाबरोबर गेले तेव्हा आमच्याही हातात ओल्ड कोर्सचं काहीच नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सोडतीबद्दल. ओल्ड कोर्सच्या बऱ्याचशा वेळा रोजच्या सोडतीतून दिल्या जातात, तिथे तिला बॅलट म्हणतात. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची, ऑनलाइनही देता येतात. किमान दोघं लागतात, जास्तीत जास्त चौघं. निकाल त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लागतो. तुम्ही दोघं आहात, तेव्हा तुमचं काम झालं. हँडिकॅपचे दाखले मात्र दोघांचेही जवळ ठेवा, ते मागतात. एकट्या खेळाडूंची सोय वेगळी आहे. पूर्वी ते अपुऱ्या गटात जागा मिळावी म्हणून आदल्या रात्रीपासून रांगेत बसायचे. २०२४ पासून आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं आणि नंतर सोडत निघते. तुम्हाला ती वाट चालेल, पण मी तुमच्या जागी असते तर वडिलांना सोडून एकटी खेळले नसते.

सोडतीचा खरा परिणाम होतो तो तुमच्या आखणीवर. परवा आपलं नाव लागू शकतं, म्हणजे परवाचा दिवस मोकळा हवा. आम्ही हीच चूक केली होती. आधीच्या दिवसांत लांबच्या दोन कोर्सचे पैसे भरून ठेवले होते, त्यामुळे एका दिवसाची सोडत आम्हाला सोडूनच द्यावी लागली. आठ दिवसांत सहा ठिकाणं उरकायचा बेत असेल तर तो बाजूला ठेवा. आठही रात्री सेंट अँड्र्यूजमध्येच राहा. गाव चिमुकलं आहे, सगळीकडे पायी जाता येतं. गावात आणि गावालगत मिळून लिंक्स ट्रस्टचे, म्हणजे कोर्स सांभाळणाऱ्या संस्थेचे, सात सार्वजनिक कोर्स आहेत, त्यामुळे नाव लागलं नाही तरी दुपारी कुठेतरी खेळता येतंच.

आता रविवारबद्दल. या उत्तरात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. ओपनसारख्या मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस असला तर गोष्ट वेगळी, एरवी वर्षभर रविवारी तिथे गावकरी फिरायला येतात. कुत्री पळत असतात, मुलं चेंडू खेळतात, बाबागाडी ढकलत कुणी फेअरवेच्या, म्हणजे खड्ड्याकडे जाणाऱ्या हिरवळीच्या पट्ट्याच्या, मधून जात असतं. कुणी अडवत नाही, तिकीट नाही. आम्ही पहिल्या टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, निघालो आणि ईडन नदीच्या खाडीपर्यंत जाऊन परत आलो. सगळा कोर्स चालून पाहिला, कुठलीही घाई नव्हती.

टीव्हीवर ती जमीन सपाट दिसते. प्रत्यक्षात पायाखाली एक पाऊल दुसऱ्यासारखं पडत नाही. समुद्राने मागे ठेवलेली वाळू, तिच्यावर वाऱ्याने उठवलेले उंचवटे, आणि त्यांवर बारीक, चिवट गवत. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या या पट्ट्याला लिंक्स म्हणतात. नांगराला निरुपयोगी, म्हणून ती मेंढ्यांना, सशांना आणि खेळाला उरली. पट्टा अरुंद. त्यामुळे लोक एका टोकापर्यंत खेळत जायचे आणि त्याच खड्ड्यांवरून उलटे खेळत यायचे. गर्दी वाढल्यावर एकाच ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या आखूड हिरवळीवर, दोन खड्डे करावे लागले, एक जाणाऱ्यांसाठी, एक येणाऱ्यांसाठी. ते आजही तसंच आहे. सात ग्रीन जोडीचे आहेत आणि प्रत्येक जोडीच्या आकड्यांची बेरीज अठरा येते: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं आठवा-दहावापर्यंत. दादा प्रत्येक ग्रीनवर थांबून बेरीज करून बघत होता.

आणि अठराच का, याचंही उत्तर याच जमिनीत आहे. १७६४ पर्यंत इथली फेरी बावीस होलची होती. सुरुवातीचे चार होल फार तोकडे वाटले म्हणून त्यांचे दोन केले. तेच चार येतानाही खेळले जात, तिथेही दोन कमी झाले. उरले अठरा. पुढे जगाने तो आकडा उचलला.

चालताना चौदाव्याच्या हेल बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खोल खळग्याच्या, कडेला वडिलांना घेऊन उभे राहा. एकूण ११२ बंकर आहेत, पण त्याच्यासारखा दुसरा नाही. अकराव्यावर जरा जास्त वेळ थांबा. १९२१ च्या ओपनमध्ये अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स इथल्याच बंकरमध्ये अडकला आणि त्याने तिसरी फेरी अर्ध्यावर सोडली. तेव्हा हा कोर्स त्याला मुळीच आवडला नव्हता. १९२७ मध्ये त्याने इथेच ओपन जिंकली, आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानद नागरिक केलं. त्याच्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन माणूस म्हणजे १७५९ साली आलेले बेंजामिन फ्रँकलिन. दहाव्या होलला आज जोन्सचं नाव आहे. विसापुढच्या हँडिकॅपवाल्यांनी ही गोष्ट जवळ बाळगावी, मला खेळताना तिचा खरोखर आधार वाटला.

जमीन कुणाची, हे माहीत असेल तर सोडतीकडे बघायची नजरही बदलते. पहिल्या टीमागे जी करडी दगडी इमारत फोटोत दिसते ती रॉयल अँड एन्शंट क्लबची. कोर्स त्यांचा नाही. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी एका सनदेने लिंक्सवर ससे पाळायची परवानगी गावाकडून घेतली आणि त्याच सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळायचा हक्क मान्य केला. पुढे कर्जबाजारी झालेल्या गावाने १७९७ मध्ये लिंक्स विकले. सशांच्या व्यापाऱ्यांनी कोर्स पोखरून टाकला आणि खेळणारे विरुद्ध ससेवाले असं भांडण वर्षानुवर्षं चाललं. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या तिथल्याच जमीनदाराने ती जमीन विकत घेतली आणि गोल्फ वाचला. १९७४ पासून संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला लिंक्स ट्रस्ट सगळं सांभाळतो. म्हणजे जगातला सर्वांत नावाजलेला गोल्फ कोर्स ही सार्वजनिक जागा आहे, आणि म्हणूनच तुमच्याआमच्यासारख्यांचं नाव तिथे चिठ्ठीत जाऊ शकतं. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला छेदून समुद्राकडे जाणारी एक वहिवाटीची वाट आहे. खेळ चालू असतानाही माणसं तिथून जातात, खेळाडू थांबतात. मला त्या वाटेवरून जाताना फार बरं वाटलं.

कथीड्रलच्या भग्नावशेषांत मॉरिस बापलेकांच्या कबरी आहेत. वडिलांबरोबर जाताय, तर तिथे जाच. टॉम मॉरिस थोरले चार वेळा ओपन जिंकले. मुलगा टॉम, सगळे त्याला टॉमी म्हणत, तो १८६८, १८६९, १८७० आणि १८७२ अशा सलग चार ओपन जिंकला. १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नव्हती. सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बेरिकला सामना खेळत असताना टॉमीची बायको बाळंतपणात अडल्याची तार आली. ते पोहोचेपर्यंत ती आणि बाळ दोघंही गेले होते. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी टॉमीही गेला, वय २४. साठ गोल्फ संस्थांनी वर्गणी काढून त्याचं स्मारक उभारलं: भिंतीत कोरलेला, चेंडूवर वाकलेला तरुण. थोरले टॉम त्यानंतर बत्तीस वर्षं जगले. त्याच लिंक्सची निगा राखत राहिले, त्यांचं दुकान अठराव्या ग्रीनला लागूनच होतं. त्या होलला त्यांचं नाव आहे. आम्ही दोघं तिथून बाहेर पडल्यावर बराच वेळ काही बोललो नाही.

बाकीचे कोर्स भराभर सांगते. न्यू कोर्स १८९५ चा, थोरल्या टॉम यांनीच आखलेला. नाव न्यू असलं तरी शंभरी कधीच ओलांडलेला, आणि खेळायला ओल्डइतकाच खरा. ईडन १९१४ चा, तुमच्या हँडिकॅपला चांगला. स्ट्रॅथटायरम सोपा आणि मोकळा, पहिल्या दिवशी शीण घालवायला उत्तम. बालगोव्ह नऊ होलचा आहे, वडील दमले असतील त्या दिवशी तिथे जा. कड्यावरचा कासल कोर्स २००८ चा, देखणा पण अवघड, मी तुम्हाला तो सुचवणार नाही. गावाबाहेर एकच ठिकाण करायचं तर साधारण सोळा किलोमीटरवरचं क्रेल. तिथली गोल्फ सोसायटी १७८६ ची आहे आणि बालकोमी कोर्सवर समुद्र सतत सोबत असतो.

हिमालयाज चुकवू नका. ओल्ड कोर्सच्या शेजारीच हे उंचसखल पटिंग ग्रीन आहे, म्हणजे चेंडू फक्त हलकेच खड्ड्याकडे सरकवत खेळायची हिरवळ. ते सेंट अँड्र्यूज लेडीज पटिंग क्लबचं, स्थापना १८६७. बाईमाणसाने काठी खांद्यावर नेणं शोभत नाही असं मानायचे दिवस, म्हणून त्यांना पटिंगपुरती जागा मिळाली. त्यांनी ती दीडशेहून अधिक वर्षं टिकवली आणि थोड्याशा पौंडांत सगळ्यांना खुली ठेवली. पलीकडच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडलं. मी त्या ग्रीनवर रोज संध्याकाळी खेळले आणि दर वेळी त्या बायकांची आठवण काढली. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळते.

जायच्या आधी घरी दोन गोष्टींचा सराव करा. एक, चेंडू जमिनीलगत ठेवून मारणं. वाऱ्यात उंच उडालेला चेंडू तुमचा राहत नाही. दुसरं, ग्रीनच्या वीस-तीस यार्ड बाहेरूनही पटर वापरणं. जमीन इतकी टणक आणि गवत इतकं आखूड असतं की तोच सर्वांत भरवशाचा फटका ठरतो. वडिलांच्या गुडघ्यांचा विचार आधीच करून ठेवा. ही चालत खेळायची जागा आहे, गाडीत बसून फिरायची नाही. एक कॅडी घ्या. बॅग तो उचलेल आणि कुठे बघून मारायचं ते सांगेल, तिथे कित्येक टीवरून नेमकं काही दिसतच नाही. आम्हाला त्याने दिवसभर एकच दिशा सांगितली: डावीकडे. जाताना आणि येताना दोन्ही वेळा डाव्या हाताला शेजारच्या होलचा फेअरवे असतो, उजवीकडे संकट. सतराव्याच्या ग्रीनपाशी मात्र डावीकडे रोड बंकर टपलेला आणि पलीकडे डांबरी रस्ता. चेंडू रस्त्यावर गेला तर तिथूनच मारावा लागतो. पैशांचं म्हणाल तर ओल्ड कोर्सला उन्हाळ्यात माणशी तीनशे पौंडांच्या वर धरा. इतर कोर्स बरेच स्वस्त आहेत.

आमचं काय झालं? सोमवार नाही, मंगळवार नाही, बुधवार सोडून दिलेला, गुरुवार नाही. बुधवारी संध्याकाळी शुक्रवारची यादी आली, तिच्यात आमची नावं होती. दादाने तीनदा वाचून घेतली. फेरीबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या टीवर हात थरथरत होते, स्विल्कनचा ओढा मी पार केला, हेल बंकरमध्ये दादाचे चार फटके गेले. अठराव्यावर रस्त्याच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या अनोळखी लोकांनी माझ्या लांबच्या पटला टाळ्या वाजवल्या. पण प्रत्येक होलवर पोहोचले तेव्हा तो मला ओळखीचा होता, कारण रविवारी मी तो चालले होते. नाव लागलं नसतं तरी तो रविवार माझ्याजवळ राहिलाच असता.

तेव्हा शनिवारी पोहोचाल असं बघा. गावाला रेल्वे स्टेशन उरलेलं नाही. एडिंबरोहून तासाभरात लूकर्सला उतरायचं, तिथून बस मिळते. आणि सोमवारसाठीची नावं त्याच शनिवारी दुपारी दोनच्या आत द्यायची असतात, तेव्हा ती ट्रेनमधूनच देऊन टाका.