स्मरणिकेत इमारतीचा फोटो शेवटी छापा

प्रश्न : ताई, सलाम. मुंबईतल्या एका मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, मी लहानाचा मोठा झालो. यंदा मंडळीची स्मरणिका निघतेय आणि ‘आपला मेथडिस्ट वारसा’ हा लेख कमिटीने माझ्यावर सोपवलाय. हाताशी आहेत ते इमारतीचे जुने फोटो, आजवरच्या पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) यादी आणि कोनशिलेवरचा मजकूर. एवढ्यावर लेख कसा उभा राहणार? शिवाय तरुण मुलं विचारतात, ‘सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि आपण वेगळे का?’ त्याचंही धड उत्तर मला देता येत नाही.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : सलाम. हे काम कमिटीने तुमच्यासारख्या तरुणाकडे दिलं, याचा मला फार आनंद झाला.

मी पाळकाची मुलगी. अ‍ॅन्युअल कॉन्फरन्सला, म्हणजे पाळकांच्या वार्षिक सभेला, बिशपसाहेब नेमणुका वाचून दाखवायचे. वडील परतले की आई आधी विचारायची, ‘कुठलं गाव?’ मग माळ्यावरच्या ट्रंका खाली यायच्या. देऊळ (चर्चला आपण देऊळच म्हणतो), बंगला, अंगणातला आंबा, सगळं मागे राहायचं. नव्या गावात पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी पिठलं-भाकरी घेऊन दारात उभं असायचं. मंडळी म्हणून मला आठवतात ती हीच माणसं. पाळकांची यादी जरूर छापा, पण लेख तिथून सुरू करू नका.

सुरू करा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलपासून. साल १७४२. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांच्या लोकांनी तिथे ‘न्यू रूम’ नावाचं सभागृह बांधलं होतं आणि त्याचं कर्ज डोक्यावर होतं. ते फेडायचं कसं, यावर बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या एका गृहस्थांनी सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही परवडत नाही. त्यावर फॉय म्हणाले, सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाईन. ज्यांना देता येईल ते देतील, ज्यांना जमणार नाही त्यांचं मी भरीन. अकरा ते आणि बारावे स्वतः फॉय. मेथडिस्टांचा ‘क्लास’, म्हणजे छोटा गट, जन्मला तो असा, कर्जफेडीच्या हिशेबातून.

पेनी गोळा करायला घरोघर गेलेल्या या माणसांना घराघरातलं दिसू लागलं. कोण आजारी आहे, कुणाचा नवरा पिऊन मारतो, कुणाची प्रार्थना सुटलीय. वेस्लींनी ते ऐकलं आणि ओळखलं की आपल्याला हवी होती ती व्यवस्था हीच. पुढे क्लासचे लोक आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. प्रत्येकाने आपल्या जिवाचं कसं चाललंय ते बाकीच्यांसमोर सांगायचं, असा रिवाज पडला. क्लास लीडर बायकाही असत. १७६१ साली डर्बीत सारा क्रॉसबी यांच्या क्लासला तीसेक जण येतील असा अंदाज होता, आले दोनशेच्या आसपास. एकेकाशी बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांसमोर उभ्या राहून बोलल्या. वेस्लींनी त्यांना थांबवलं नाही. आपल्या महिला मंडळाच्या बायकांना ही गोष्ट ठाऊक असायलाच हवी. स्मरणिकेत तिला ठळक जागा द्या.

आता मुंबई. १८७१ च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर इथे आले. हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उभं राहून उपदेश केलेला. त्यांनी इथे देऊळ बांधायची घाई केली नाही. ज्यांची मनं पालटली त्यांचे लहान लहान गट केले आणि ते लोकांच्या घरांत भरवले. परदेशातून पैसा मागायचा नाही, मंडळीने आपला खर्च आपण चालवायचा, हा त्यांचा आग्रह होता. मिशनरी जॉर्ज बोवेनही त्यांच्या कामात सामील झाले. बोवेन १८४८ पासून मुंबईत होते. मिशनचा पगार त्यांनी स्वतःहून सोडला होता आणि अगदी साधेपणाने राहून ते ‘बॉम्बे गार्डियन’ हे वृत्तपत्र चालवत. १८८८ मध्ये मुंबईतच त्यांनी देह ठेवला. कुलाब्याकडचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. म्हणजे ब्रिस्टलमध्ये काय नि मुंबईत काय, आपली मंडळी आधी कुणाच्या तरी घरी बसलेली आहे.

तेव्हा तुमच्या मंडळीत कोणाच्या घरी प्रार्थना भरायची, हे शोधा. ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांकडे जा. पाळकसाहेबांबद्दल नका विचारू, त्यांच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतील. विचारा की चाळीतल्या कुठल्या खोलीत भजन व्हायचं, पेटी कोण वाजवायचं, झांजा कुणाच्या, संप झाला किंवा गिरणी बंद पडली तेव्हा कुणाच्या घरचं धान्य कुणाकडे गेलं. हंगामाच्या सणाला भोपळ्या-नारळांचा लिलाव व्हायचा, त्यात चढी बोली बोलून घेतलेला भोपळा लगेच कोणा विधवेच्या पिशवीत कोण टाकायचं, हेही विचारा. एक माणूस हमखास निघतं. लेखात पहिलं नाव त्याचं येऊ द्या, अर्थात घरच्यांना विचारून.

दुसरं काम निकडीचं. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची जुनी रजिस्टरं पाळकसाहेबांच्या परवानगीने उघडा आणि दिवसाच्या उजेडात पानन् पान मोबाइलवर टिपून ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, त्याने कागद कायमचा जातो. सुती कापडात गुंडाळून पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा. त्यातलं खासगी काही छापू नका.

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या पंथांच्या चर्च-संस्था, मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन यांच्याबरोबर ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्टही त्यात गेले. आपण टेलरसाहेबांच्या, म्हणजे अमेरिकन परंपरेचे. आपली मंडळी बाहेर राहिली आणि १९८१ साली मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झाली. मुलांना हेही सांगा की वेस्ली मरेपर्यंत अँग्लिकन पाळकच होते. यात भांडण शोधायचं काहीही कारण नाही.

आणि एक मागणं. लेख लिहून थांबू नका. स्मरणिकेचं काम करणारे तुम्ही दहा-बारा जण असाल, तेवढ्यांनीच आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसा. चहा साधा ठेवा, नाहीतर घरची बाई आत स्वयंपाकघरातच अडकते.

प्रश्न : आमच्या सूनबाई सी.एन.आय.च्या. मेथडिस्ट देवळात त्यांना प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेता येईल का?
— एक सासूबाई, पुणे

उत्तर : येईल. आपल्या विधीतलं आमंत्रण पापांचा खरा पश्चात्ताप करणाऱ्या आणि शेजाऱ्याशी प्रीतीने वागणाऱ्या सर्वांना आहे. सभासद व्हायचं असेल तर त्यांच्या आधीच्या पाळकांकडून पत्र आणावं. तोवर त्यांना आपल्या शेजारी बसवा.