जिप्सम बोर्डच्या भिंतीवर जड बेसिन

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या घरात लाकडी स्टडच्या (बोर्डमागच्या उभ्या खांबांच्या) भिंतीवर २० किलोचं सिरॅमिक बेसिन टांगायचंय. ४० किलो पेलणारे बोर्डचे अँकर (बोर्डातच बसणारे खुंटे) पुरतील का?

उत्तर : नाही. पाकिटावरचा आकडा बहुधा खाली सरळ लोंबणाऱ्या वजनाचा असतो. बेसिन मात्र बोल्ट बाहेर ओढतं. कुणी कडेवर रेललं आणि भिंतीपासून ४० सेंमीवर ६० किलोचा भार आला, बोल्ट बेसिनच्या खालच्या टेकणीपासून १५ सेंमी वर असले, तर ओढ १६० किलोंची, म्हणजे दोन बोल्ट धरले तर दर बोल्टवर ८०. तेवढ्यात बोर्डचा भुगा होतो.

बोर्ड कापून दोन स्टडच्या मध्ये आडवा लाकडी ठोकळाच घाला. स्टड मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर असतील तर मधली फट साडेचौदा इंच. दोन-बाय-दहाची (नावाला दोन इंच जाड, दहा इंच रुंद) फळी तेवढी कापा, स्टडच्या पुढच्या कडेशी समपातळीत ठेवून दोन्ही टोकांना तीन इंच लांबीचे स्क्रू मारा. फळीची खरी जाडी दीडच इंच असते, म्हणून नळ आडवे येत नसतील तर मागे दुसरी फळी जोडा. आधी बेसिनच्या भोकांची उंची मोजा, नाहीतर फळी एकीकडे नि बोल्ट दुसरीकडे! फळीची जागा दाखवणारा फोटो काढून मगच बोर्ड आणि टाइल लावा.

टाइलला डायमंड बिटने, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) बंद ठेवून भोक पाडा. १० मिमीच्या बोल्टला लाकडात ७ मिमीचं भोक पुरे. नटाखाली नायलॉनचा वॉशर हवाच. बेसिन हलायचं थांबलं की पाना थांबवा. जास्त आवळल्यानेच सिरॅमिक तडकतं. सिलिकॉन शेवटी, ते फक्त पाणी अडवतं, वजन पेलत नाही.