दानपत्रात अट नाही, तरी घर परत मागता येईल का?

प्रश्न : वय 72, राहणार सुदामानगर, इंदूर. घर माझ्या नावावर होतं. जून 2022 मध्ये धाकट्या मुलाच्या नावे दानपत्राची रजिस्ट्री करून दिली. दानपत्रात ‘मुलगा सेवा करतो, म्हणून प्रेमाने देत आहे’ एवढंच आहे. पण त्याच दिवशी त्याने स्टँपपेपरवर नोटरीपुढे लिहून दिलं की आईला आयुष्यभर सांभाळीन, न सांभाळल्यास घर परत करीन. वर्षभरापासून मी वरच्या एका खोलीत आहे, स्वयंपाकघराला कुलूप असतं, औषधांचे पैसे मुलगी पाठवते. आता तो घरावर कर्ज काढतो आहे. ओळखीचे वकील म्हणतात, दानपत्रात अट नाही, हायकोर्टाचा निकाल विरोधात आहे, एसडीएमकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) जाऊन उपयोग नाही. खरं आहे का?

उत्तर : काकू, तो निकाल झाला होता हे खरं, पण आज तो टिकून नाही. प्रकरण आपल्याच राज्यातलं, छतरपूरचं होतं, आणि तुमच्याशी खूप जुळणारं. आईने 2019 मध्ये मुलाला दानपत्र करून दिलं आणि सांभाळण्याची हमी देणारं वचनपत्र त्याच सुमारास वेगळं झालं. एसडीएम, जिल्हाधिकारी आणि हायकोर्टाचे एकल न्यायमूर्ती, तिघांनीही आईच्या बाजूने निर्णय दिला. 2022 मध्ये हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने मात्र तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी (निकालाचा क्रमांक 2025 आयएनएससी 20) पीठाचा निकाल रद्द केला, दोन्ही कागद एकत्र वाचले, दानपत्र रद्द ठरवलं आणि घराचा ताबा आईला देण्याचा आदेश दिला. ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वृद्धांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा, असंही न्यायालयाने सांगितलं. या कायद्याखालचे अर्ज ऐकणाऱ्या एसडीएमच्या न्यायाधिकरणाला ताबा देववण्याचा अधिकार आहे, हेही त्यात स्पष्ट झालं.

म्हणून तुमचा मार्ग आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007 च्या कलम 23 मधून जातो. साठीच्या पुढच्या व्यक्तीने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने मूलभूत गरजा भागवल्या नाहीत, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. अट होती आणि ती मोडली, या दोन्ही गोष्टी तुम्हाला दाखवाव्या लागतील.

बरेच अर्ज इथेच पडतात. 6 डिसेंबर 2022 च्या हरियाणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आईच्या विरोधात निकाल दिला, कारण सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली हे अर्जात म्हटलंच नव्हतं. नुसतं ‘प्रेमापोटी दिलं’ यातून अट निघत नाही. तुमच्या मुलाचा वकील हाच निकाल पुढे करेल. त्यामुळे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा : दान सांभाळाच्या अटीवर दिलं, ती अट त्याच दिवशी केलेल्या वचनपत्रात आहे, दोन्ही कागद एकाच व्यवहाराचे आहेत. नुसतं ‘मुलगा त्रास देतो’ लिहिलंत तर फार तर खर्चाचा आदेश मिळेल, आणि कायद्याने त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. मागण्या वेगवेगळ्या लिहा : दानपत्र रद्द करणं, ताबा, नगर निगममधलं नामांतरण पूर्ववत करणं आणि दरमहा खर्च. ताब्याची मागणी राहून गेली तर कागदावर जिंकूनही तुम्ही त्याच खोलीत राहाल.

वचनपत्राची मूळ प्रत हेच तुमचं सगळ्यात मोठं बळ आहे. ती आजच घराबाहेर, मुलीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि अर्जाला झेरॉक्स जोडा. नोटरीच्या रजिस्टरमधल्या नोंदीचा क्रमांक मिळवून ठेवा, कारण सही नाकारली तर तोच कामी येईल. दानपत्राची प्रमाणित प्रत उपपंजीयक (रजिस्ट्री) कार्यालयातून घ्या. दानपत्राचे साक्षीदार अजून भेटत असतील तर त्यांचं शपथपत्र करून घ्या. अट मोडल्याचा पुरावा तारखांसह हवा : मुलीने पाठवलेल्या पैशांच्या पासबुकातल्या नोंदी, औषधांची बिलं, कुलपाचे फोटो, एखाद्या शेजाऱ्याचं शपथपत्र. व्हॉट्सअॅपचे संदेश द्यायचे असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडा.

अर्ज तुमच्या भागाच्या एसडीएमकडे द्यायचा. जिल्हाधिकारी कार्यालय मोती तबेल्यात आहे, तुमचा भाग कोणत्या एसडीएमकडे येतो ते तिथे कळेल. पोच घेतल्याशिवाय परतू नका. ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 17 मध्ये या न्यायाधिकरणापुढे वकिलाला मनाई आहे. पण अर्ज वकिलाकडून लिहून घ्यायला हरकत नाही. कलम 18 प्रमाणे तुमची इच्छा असेल तर या कायद्याखाली नेमलेला निर्वाह अधिकारी तुमची बाजू मांडतो. तुम्हाला स्वतः जाणं झेपत नसेल तर मुलीला लेखी अधिकार देऊन पाठवता येतं. स्त्री म्हणून मोफत कायदेशीर मदत तुमचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. मुलाने जेवण-औषध अडवलं किंवा हात उगारला तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आणि पोलिसांना कळवायला मागे-पुढे पाहू नका.

कर्जाची भीती खरी आहे, ते काम अर्जाच्याही आधी करा. घर बँकेकडे गहाण गेलं तर बँक मधे येईल आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळेल. कोणत्या शाखेत प्रस्ताव आहे हे कळलं असेल तर तिथल्या व्यवस्थापकाला वचनपत्राची प्रत जोडून स्पीड पोस्टाने कळवा की दान सशर्त होतं आणि तुम्ही ते रद्द करून मागत आहात. शाखा ठाऊक नसेल तर शहरातल्या एखाद्या मोठ्या हिंदी दैनिकात जाहीर सूचना द्या. ‘मला माहीतच नव्हतं’ असं पुढे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी हे.

एक चूक टाळा : उपपंजीयकाकडे जाऊन एकतर्फी ‘दानपत्र रद्द’ असा कागद करण्याची. झालेली नोंदणी रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये भोपाळच्या एका प्रकरणात ठरवलं आहे. पैसे जातील, हाती काही येणार नाही. दिवाणी दाव्याचा मार्ग वेगळा आहे. त्याला तीन वर्षांची मुदत असते आणि ती कधीपासून मोजायची यावर वाद होतो, म्हणून वकिलाकडून तारखा तपासून घ्या. कलम 23 च्या अर्जाला कायद्यात मुदत सांगितलेली नाही, तरी उशीर करू नका.

सूनबाई घरात राहत असतील तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्या राहण्याचा हक्क सांगू शकतात. डिसेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे एकमेकांशी जुळवून बघायला सांगितलं आहे. त्यांनाही अर्जात सामील करा. मार्च 2025 मध्ये उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडून मुलाला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळाला नाही, तेव्हा तो आपोआप मिळतो असं धरून चालू नका. कुलूप, औषधं, वरच्या खोलीत एकटं राहणं, हे सगळं तारीखवार मांडलंत तरच ताब्याची गरज का आहे ते एसडीएमना पटेल.

निकाल तुमच्या बाजूने लागला की मुलगा जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा हायकोर्टाच्या इंदूर पीठात जाईल. त्याआधीच हायकोर्टात कॅव्हेट (माझं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, अशी आगाऊ विनंती) दाखल करा. ती 90 दिवस चालते, मग पुन्हा भरावी लागते. मधेच मुलगा समेटाला आला आणि तुमचं मन वळलं, तरी त्याच्या शब्दावर अर्ज मागे घेऊ नका. स्वयंपाकघराची किल्ली, औषधांचा खर्च, कर्ज न काढण्याची हमी, आणि हे मोडल्यास दानपत्र रद्द, एवढं सगळं लिहून घ्या आणि एसडीएमकडून त्याच अटींवर आदेश करून मागा.