घरून काम, पण पगारपत्रकाबाहेर

प्रश्न : मी बदलापूरहून रोज सीएसएमटीला जाते. नऊ वर्षं एकाच छपाईच्या ऑफिसात डीटीपी (संगणकावर पानं जुळवायचं काम) करतेय. मालक म्हणतात, ‘पुढच्या महिन्यापासून घरूनच कर, पानामागे पैसे देऊ.’ लोकलचा प्रवास सुटेल या आनंदात हो म्हणू का?

उत्तर : लगेच म्हणू नका. सातची फास्ट पकडणं संपणार, हे सुख मला कळतं. मी स्वतः बारा वर्षं उल्हासनगरहून लटकत गेले आहे. पण पानामागे पैसे म्हणजे तुमचं नुसतं टेबल हलत नाहीये, पगारी नोकरी संपतेय. तेव्हा आधी ग्रॅच्युइटी, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल मालकाने द्यायची रक्कम, मागा. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. दोन्ही मिळून २६ हजार असतील तर १ लाख ३५ हजार होतात. हे पैसे ते आपणहून देतील अशी आशा नको, लेखी अर्ज द्या. पीएफ मात्र लगेच काढू नका, राहू दे. ऑफिसचा मेडिक्लेम बंद होईल. स्वतःचा आधी घ्या, मग राजीनामा. जीएसटीची धास्ती नको, वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही.

पानाचा दर ठरवताना वीज, इन्व्हर्टर आणि दुरुस्तीच्या फेऱ्या धरा. दोन प्रुफांनंतरच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे, हे ईमेलवर लिहून घ्या.

आणि घरचे? मी दाराच्या कडीला लाल ओढणी बांधायचे. ओढणी असेपर्यंत ‘कुकर लावतेस का गं’ विचारायचं नाही. सासूबाईंना ते पटायला दिवाळी उजाडली.