कस्टम्सनं जप्त केलेलं नाणं: आधी तारीख बघा

दागिना जप्त झाला, आता काय करू, असे मेल बरेच येतात, या वेळी दागिन्याऐवजी नाणं आहे. एका वाचकाला सिंगापूरच्या मामांनी नव्वदच्या दशकातलं चीनचं पांडा नाणं दिलं, 25 युआनचं, मध्ये पाव औंस सोनं आणि भोवती चांदीची कडी. ग्रीन चॅनलमधून (म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नाही अशा वाटेनं) निघाले, मुंबई एअरपोर्टवर पकडलं आणि नंतर जप्तीची ऑर्डर आली. विचारतात, गिफ्ट आहे, बिल नाही, नाणं परत मिळेल का?

गिफ्ट की विकतचं ते नंतर बघू हो. ऑर्डर हातात पडून अडीच महिने झाले आणि तेवढ्यात एअरपोर्टला दोन विनंती अर्ज केले, हे तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय, आणि सगळी केस तिथंच अडकलीय! कस्टम्स कायद्याच्या कलम 128 प्रमाणे ऑर्डर मिळाल्यापासून 60 दिवसांत अपील करायचं असतं, सबळ कारण असेल तर कमिशनर (अपील्स) आणखी 30 दिवस देऊ शकतात, पण 91 व्या दिवशी त्यांच्याही हातात काही राहत नाही. एक्साइजमधल्या अशाच तरतुदीवर सुप्रीम कोर्टानं सिंह एंटरप्रायझेस केसमध्ये 2007 सालीच हे सांगून ठेवलंय. अर्ज टाकून मुदत थांबत नाही, हे एखाद्या वकिलाला नुसता फोन केला असता तरी कळलं असतं.

म्हणजे जेमतेम पंधरा दिवस आहेत. याच आठवड्यात अपील, सोबत उशीर माफीचा अर्ज, आणि दंड किंवा ड्युटी लावली असेल तर त्याचे साडेसात टक्के भरल्याची पावती. ऑर्डरचं पाकीट फेकू नका, तारीख त्यावरूनच सिद्ध होईल. अपील केलंय, नाणं विल्हेवाटीला पाठवू नका, असं एअरपोर्टच्या ऑफिसला लेखी कळवा आणि पोच घ्या.

बाकीचं खात्रीनं सांगत नाही. नाणं दागिन्यात धरत नाहीत, त्यामुळे ड्युटी-फ्री सवलत मिळणं अवघडच. पंचनाम्यात पूर्ण 11.67 ग्रॅम सोनं लिहिलंय म्हणता, त्यात साधारण 3.89 ग्रॅम चांदी आहे, हा मुद्दा नक्की घ्या. जप्तीआधीची कारणे दाखवा नोटीस नको असं छापील फॉर्मवर तुमची सही घेतली, तशा सहीला दिल्ली हायकोर्टानं 2025 मध्ये पुरेसं मानलं नाही, मुंबईत ते कितपत चालेल ते सुनावणीतच कळेल. कलम 125 खाली दंड भरून सोडवायची मागणीही त्याच अपिलात टाका, वेगळा अर्ज करत बसू नका.